यावंकाकू

कुत्र्याला अहोजाहो करणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची बदली बबीनाच्या लष्करी छावणीत झाली म्हणून जवळच झाशीत दतिया गेटजवळ भाड्याने राहायला आले आणि पहिल्याच सकाळी समोरच्या ओट्यावरून ऐकलं, "दिवाणजी, यावं." कोणी वडीलधारे असतील म्हणून मी पदर सावरून उभी राहिले. आला तो एक तांबूस, लोंबत्या कानांचा कुत्रा. तेव्हापासून आमच्या घरात त्या बाईंचं नाव पडलं यावंकाकू.

काकूंचं घराणं कित्येक पिढ्या झाशीतलं. बाहेरचा सगळा व्यवहार हिंदीत, मुलाशी फोनवरही निम्मं हिंदीच. दिवाणजींशी मात्र आजेसासूच्या वेळचं मराठी. ही नुसती हौस नव्हती. मागच्या गल्लीतून पाळलेली कुत्री चोरीला जात होती. 'आ जा, आ जा' करत बिस्कीट दाखवायचं की काम झालं. "आमचे हे 'यावं' म्हटल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत," काकू सांगायच्या. "आता झाशीत मराठी चोर कुठून येणार?"

मी माझ्या मोतीला फिरवायला निघाले की काकू काठी घेऊन सोबत यायच्या. भटकी कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, काठी जमिनीवर आपटत मागे सरायचं. दुकानाबाहेर कुत्रा बांधून आत जायचं नाही. एकदा मानिक चौकात मी मोतीला खांबाला बांधून धने घ्यायला शिरले, तर काकूंनी तिथूनच मला परत बोलावलं. "धने उद्याही मिळतील," एवढंच म्हणाल्या आणि पट्टा माझ्या हातात दिला.

काकूंच्या घरच्या गणपतीला गावातली मराठी माणसं जमायची. जुनी घराणी, आम्ही फौजी बायका, कोणी नव्याने नोकरीला आलेले. आरती झाली की दिवाणजींचा खेळ. ज्याने त्याने "यावं" म्हणायचं आणि त्यांनी शेपूट हलवत प्रत्येकाकडे जाऊन मोदकाचा तुकडा घ्यायचा. काकूंचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा.

गणपती गेले आणि मागोमाग भर दुपारी दिवाणजी गेले. समोरच्या किराणावाल्या भैयाने त्यांना एका माणसाबरोबर जाताना पाहिलं होतं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "चाचीजी, वो तो मराठी में बुला रहा था. यावं, यावं. हमने सोचा घर का ही आदमी है."

म्हणजे आरतीत आमच्याशेजारी उभं राहून टाळ्या वाजवणारं कोणीतरी. मी एकेक चेहरा आठवू लागले आणि मला माझीच किळस आली. काकू ओट्यावर मटकन बसल्या होत्या. "आपल्यातलाच?" त्यांनी विचारलं. तो कोण, हे आजतागायत कळलेलं नाही.

पुढे चिरगाँवच्या एका चहावाल्याने आम्ही सगळीकडे पाठवलेला फोटो ओळखून फोन केला. कोणीतरी कुत्रा त्याच्या टपरीमागे बांधून निघून गेलं होतं. आम्ही दोघी मिळेल ती बस पकडून गेलो. बाकाखाली तो होता, हाडं वर आलेली, पाठीवर वळ. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "दिवाणजी, यावं," त्या म्हणाल्या.

तो थरथरत मागे सरकला. त्यांनी पुन्हा हाक मारली, तर शेपूट पायात घालून भिंतीला चिकटला. त्याच शब्दाने बोलावून त्याला कुणी किती मारलं असेल? मग काकूंनी खाली मातीत बसून हात पुढे केला. "आ जा, बेटा. आ जा." तेव्हा तो सरपटत आला आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसून बसला.

त्यानंतर त्या ओट्यावरून 'यावं' कधी ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षी आमची बदली झाली. सामान ट्रकवर चढलं आणि मी काकूंच्या पाया पडायला गेले. "येते, काकू," मी म्हटलं. "या..." त्या बोलायला लागल्या आणि थांबल्या. कुत्रा त्यांच्या पायाशी झोपला होता. त्याच्याकडे बघत, तो जागा होणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "फिर आना, बेटी."