पानफुटीचं एकच पान

पिंपरीत कारखाने नुकतेच उभे राहत होते. बायकोला तिच्या आईनं जाण्याआधी दिलेली पानफुटी मी मायेनं रोज तांब्याभर पाणी घालून कुजवली. धड एकच पान उरलं.

आमच्या कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी रिकाम्या डब्यांत अशी झाडं लावायचा. मी नेलेलं ते पान त्यानं तान्ह्या बाळाला निजवावं तसं मातीवर ठेवलं. मी तांब्या उचलला.

"राव, पाणी नगं. त्याच्या अंगात हाय पुरतं."

"मग मी काय करू?"

"लांब ऱ्हावा."

पंधरा दिवस मी हात मागे बांधून फाटकातून गेलो. मग पानाच्या कडेला राईएवढे कोंब दिसले. डबा मात्र त्यानं मला दिला नाही. "वैनींना धाडा," म्हणाला.

ती डबा छातीशी धरून परतली. त्या संध्याकाळी, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, ती आईविषयी बोलली.