सतरंजी गुंडाळणारी मावशी

या बाई, या. उंबऱ्यात काय टेकलात? चपला काढा आणि अशा जवळ सरका. वर्ष वर्ष तोंड दाखवायचं नाही, आणि आलात की पाहुण्यासारखं दाराशी बसायचं, ही कुठली रीत? आमची मावशी असती तर तुमच्या खालचं बसकर ओढून घेतलं असतं. हसू नका, खरंच ओढलं असतं. तिचा तो नेमच होता.

जामखेडहून येताना खर्डा गावाच्या अलीकडे आमची वस्ती. वस्तीत आमचं लहानसं चर्च आहे, पण आम्ही त्याला देऊळच म्हणतो. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, फरशीवर ओळीनं सतरंज्या. मावशी म्हणजे आमची बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, समजावून सांगायचं, प्रार्थना करायची, हे तिचं काम. तिला सख्खं असं कुणी नव्हतं, म्हणून ती सगळ्यांचीच मावशी. रविवारी ती सगळ्यांच्या आधी देवळात यायची आणि दाराजवळची शेवटची सतरंजी गुंडाळून काखेत मारायची. मग मागून येणाऱ्यानं बसावं कुठं? फरशी थंडीत अशी गार, की भल्याभल्यांना मुकाट पुढं जावं लागायचं.

"मागं बसलं की लवकर पळता येतं, म्हणून बसता व्हय?" ती म्हणायची. "देव काय मारका बैल हाय? सरका पुढं."

आता आमच्या लोकांचंही सांगते. कुणी शिकवलं नव्हतं, पण आमच्यात एक समजूत रुजली होती, की ज्याच्या हातून चूक झाली त्यानं मागच्या सतरंजीवर बसायचं. सकाळी सासूशी भांडण झालं, मागं बसा. नवरा पिऊन आला, त्याच्या बायकोनंही मागंच बसायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूची भाकर वाटतात, त्या दिवशी तर सतरंजी नसली तरी मागं गार फरशीवर मुंगीला शिरायला जागा नसायची आणि पुढं पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, पत्नी एकट्या. विचारलं की उत्तर ठरलेलं : "आधी सुधारते मावशी, मग येते पुढं."

मावशी कपाळाला हात लावायची. "अगं, तू अंगूळ करून मग विहिरीवर जातीस, का विहिरीवर जाऊन अंगूळ करतीस? मळ हाय म्हणूनच पाण्याकडं जायचं न्हवं?"

घरी आली की ती नुसती बसायची नाही. बोलता बोलता हात पुढं करून आपली मेथीची जुडी ओढायची आणि निवडायला लागायची. एकदा माझ्या ओसरीवर अशीच मेथी निवडत होती, तेवढ्यात शेजारची मार्था आली. आली ती पदर खोचूनच. "मावशी, तुमाला कळलं का, त्या खालच्या घरच्या सुनेनं काय केलं..."

"थांब," मावशी म्हणाली. "तिचं पाप इतक्या लांब उचलून आणलंस, दमली असशील. पानी पी. आन् तुझं कुठं ठिवलंस? घरी? मग ते आण जा, त्याच्यासाठी पराथना करू."

त्या दिवशी मार्थानं माझी सगळी मेथी निवडून दिली.

अशी ही मावशी, पण एका माणसापुढं तिचं काही चालत नव्हतं. तो म्हणजे याकोबतात्या. आमच्या देवळाची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवायचं काम तात्याचं. साऱ्या वस्तीला प्रार्थनेला बोलवायचा आणि स्वतः मात्र बाहेर पायरीवर बसायचा. वर्षानुवर्षं. मावशी सतरंजी गुंडाळू शकत होती, पायरी कशी गुंडाळणार?

तात्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी दारूच्या तारेत त्यानं बापाला ढकललं. म्हातारा ओसरीवरून पडला, कंबर मोडली, तो पुन्हा उठलाच नाही. तात्यानं दारूला नंतर कधी शिवलं नाही, बापाचं हगणंमुतणं काढलं, पण बाप माफीचा शब्द न बोलताच गेला. तेव्हापासून तात्या पायरीवर.

मावशी चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसायची. "भाऊ, चला आत."

"न्हाई बाई. ज्या हातानं बापाला ढकललं, त्या हातानं पर्भूची भाकर घिऊ?"

"त्याच हातानं घंटा वाजवता की."

"घंटा लोखंडाची हाय. तिला काय कळतंय?"

एकदा तिथून उठून मावशी माझ्याकडं आली, पण मेथीला हात लावला नाही. मग म्हणाली, "म्हातारा लई खोकतोय गं. तारण, पापातनं सुटका, म्हंजी आईनं वाढलेलं ताट, मजुरी न्हाई, आसं मी गावाला सांगत फिरते. आन् ह्यो दारात उपाशी. आसाच पायरीवरनं गेला, तर माझं सांगणं काय कामाचं?"

आणि मग आमच्या शेळीनं तो उद्योग केला.

पहिला रविवार होता. पाळकसाहेब जामखेडहून मोटारसायकलवर आले, प्रभुभोजनाच्या पावाची पिशवी हँडलला तशीच ठेवून हापशावर हातपाय धुवायला गेले. परत येईपर्यंत माझ्या काळ्या शेळीनं पाव खाल्ला होता आणि ती पिशवी चघळत होती. मी तर लाजेनं मेले. मार्था म्हणाली, "बघा, न बोलावता पुढं गेली! मावशी, तुमची शिकवण हिलाच कळली."

"आता पुढल्या रविवारी करू," पाळकसाहेब म्हणाले.

"का?" मावशी म्हणाली. "वस्तीत भाकर न्हाई?"

"मावशी, भाकरी?"

"पर्भूनं त्याच्या मुलखात लोक रोज खायची तेच हातात घेतलं न्हवं? आमच्या मुलखात जोंधळा पिकतो."

पाळकसाहेब हसले. "आणा."

आम्ही बायका घराकडं पळणार, तर मावशीनं दोन्ही हात पसरून वाट अडवली. देवळाला लागून घर तात्याचं. बायको गेल्यापासून तो एकटा, स्वतःच थापून खायचा, आणि भाकरी अशी फुगवायचा की आम्हाला हेवा वाटावा. "भाऊ," मावशी म्हणाली, "तुमच्या टोपल्यात भाकर हाय?"

"हाय, पर बाई..."

"आणा."

तात्यानं धुतलेल्या पंच्यात गुंडाळून भाकरी आणली आणि दारातूनच हात लांब केले. मावशीनं आपले हात मागं बांधले. "माझं गुडघं दुखत्यात. तुमीच न्या टेबलापत्तूर." आदल्या दिवशी खर्ड्याचा बाजार पायी करून आलेले ते गुडघे!

तात्या आत आला. आम्ही मागोमाग येऊन बसलो. त्यानं भाकरी टेबलावर ठेवली, पाळकसाहेबांनी प्रार्थना करून ती मोडली, आणि तात्या मागं फिरला.

"भाऊ," मावशी मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या हातची भाकर पर्भूनं परत धाडली न्हाई. मग तुमी हात का परत न्हेता?"

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "तात्या, मनातलं प्रभूला सांगितलंत?"

"रोज सांगतो साहेब. पायरीवरनं."

"मग त्यानं ऐकलंय. बसा."

तात्या पुढच्या सतरंजीवर बसला. ओंजळ पुढं केली. पहिला तुकडा त्याच्या हातात पडला आणि म्हातारा लहान लेकरासारखा हुंदके द्यायला लागला. आम्हीही सगळ्या डोळे पुसत होतो, तेवढ्यात मावशीचा आवाज : "सावकाश चावा भाऊ. तुमचीच हाय, कडक भाजलीया." रडता रडता सगळं देऊळ हसलं. तात्यासुद्धा.

मागाहून मी विचारलं, "मावशी, शेळी तुम्हीच सोडली होती का हो?"

"शेळ्या शिकवायला येळ कुठाय गं? मला माणसंच आवरंनात."

पुढं ती आजारी पडली. मी भेटायला गेले आणि खाटेच्या पायथ्याशी टेकले. डोळे मिटलेले, तरी म्हणाली, "तिथं काय बसलीस? सरक जवळ." मी विचारलं, भीती वाटते का? "भ्यायचं काय त्यात? जन्मभर लोकांना पुढं ढकललं. आता माझी पाळी."

ती गेल्यानंतरच्या रविवारी मागची सतरंजी तशीच अंथरलेली होती. ती उचलायला कुणाचा हात धजेना. आम्ही सगळ्या दारात उभ्या. तात्यानं घंटा वाजवली, आत आला, कमरेत वाकून ती सतरंजी गुंडाळली, काखेत मारली आणि पुढं जाऊन बसला. मग आम्हीही गेलो, मावशीच्याच मागोमाग गेल्यासारख्या.

अजून तोच गुंडाळतो. आणि पहिल्या रविवारी आमच्याकडं पाव येत नाही, तात्याची भाकरी असते. तेव्हा बाई, आता जाताय खऱ्या, पण लवकर या. जामखेडहून जीप मिळते. काय बिघडलं असेल, कुणाशी भांडला असाल, तसंच घेऊन या. मागं जागा शोधू नका, ती नाहीच. तात्या थकलाय, त्याच्या हातची भाकरी आहे तोवर या. शेळी मी बांधून ठेवीन.