गिटार आणि शून्य अपघात

"तार उतरलीये राव," असं म्हणून तो मान तिरकी करायचा. कशाबद्दलही. गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, कॉम्प्रेसरचा आवाज असो, नाहीतर साहेबांचं भाषण. तुमच्याही कंपनीत असा एक असेल, जो स्वतः काही वाजवत नाही आणि दुसऱ्यानं वाजवलेलं त्याला पटत नाही.

चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर, तो ठेकेदाराचा माणूस, म्हणजे तात्पुरता. तात्पुरता म्हणजे मी स्टोअरला कायम झालो त्याच्याही आधीपासून. राहायला कासारवाडीला. तरुणपणी भीमजयंतीच्या कार्यक्रमांत गायनपार्टीबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, असं तोच सांगायचा. आता का नाही वाजवत, विचारलं की उत्तर ठरलेलं. "वेळ कुठंय? ओव्हरटाइम कोण करणार, तू?"

खरं कारण त्याच्या डाव्या हातावर सगळ्यांना दिसायचं. अनामिका आणि करंगळी, दोन्ही अर्ध्यावर संपलेली. "प्रेसनं ठेवून घेतली, आठवण म्हणून," म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. गिटार कपाटावर गेली ती तेव्हापासून, हे मात्र त्यानं कधी म्हटलं नाही.

मग कंपनीला सुरक्षिततेचं बक्षीस मिळालं. कितीतरी वर्षं शून्य अपघात. ठेकेदाराच्या माणसाचा अपघात ठेकेदाराचा असतो, त्यामुळे कंपनीच्या हिशेबी आम्हा सगळ्यांची बोटं शाबूत होती. त्या आनंदात नाशिक फाट्याजवळ मंगल कार्यालय घेतलं, आयटीतल्या हौशी पोरांचा बँड बोलावला. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार झाला आणि स्टेजवरून उतरताना त्यांच्या नव्या शालीचं टोक स्टँडवरच्या गिटारला अडकलं. गिटार पडली, तिची मान मोडली. या अपघाताचीही नोंद झाली नसावी.

"कुणाकडे गिटार आहे का?" बँडमधल्या मुलानं माइकवर विचारलं.

मागून ठेकेदाराची पोरं त्याच्याकडे बोट दाखवून ओरडली, "आमच्या भावाकडं हाय की. इथंच ऱ्हातो." त्यात चेष्टाच जास्त होती. तो पुटपुटला, "नुसती पडून आहे ती. वाजत नाही." पण तोवर दोघं मोटरसायकल काढून गेलेसुद्धा.

त्याच्या घरून वहिनींनी ती जुन्या चादरीत गुंडाळून दिली होती. लाल रंग, वर धुळीचा थर. त्या मुलानं स्वतःजवळच्या नव्या तारा चढवल्या, वायर जोडली, आणि ती वाजली. मी आमच्या टीकाकाराकडे बघितलं. त्याची मान सरळ होती आणि तोंड उघडं.

बँडची दोन गाणी झाली. मग मुलानं गिटार त्याच्यापुढे धरली. "काका, एक तुमचं होऊन जाऊ द्या."

आता पळायला जागा नव्हती. इतकी वर्षं थट्टेखाली झाकलेला हात अख्ख्या कंपनीसमोर तारांवर ठेवायचा होता, तोही 'शून्य अपघात' लिहिलेल्या फलकाखाली. मला वाटलं, काहीतरी कारण काढेल. तो चढला.

पहिले सूर घसरले. अर्धी बोटं सवयीनं पुढे गेली आणि तारेपर्यंत पोचलीच नाहीत. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. तो थांबला. हाताकडे बघितलं, अंगठा गिटारच्या मानेवरून पुढे आणला आणि उरलेल्या दोन बोटांनी जयंतीचं एक जुनं गाणं हळूहळू धरलं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या, गाऊ लागल्या. साहेबांनीही टाळ्यांचा ठेका धरला, कारण फोटोग्राफर त्यांच्याकडे वळला होता. मला भरून आलं. स्टोअरवाल्याला हे शोभत नाही, पण आलं.

तो खाली आल्यावर मी म्हणालो, "आज तार उतरली नव्हती."

"उतरली होती," तो म्हणाला. "ऐकू येत होतं मला. पण थांबवंना राव."

काही महिन्यांनी कंपनीनं ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं सगळ्यांची वैद्यकीय तपासणी ठेवली, आणि हातात दोष आहे म्हणून त्याला तेवढं घेतलं नाही. मी कासारवाडीला जाऊन आलो. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं, त्यांना काही माहीत नव्हतं.

कंपनीच्या रिसेप्शनमध्ये त्या संध्याकाळचा मोठा फोटो लावलाय. स्टेजवर तो आहे, लाल गिटार आहे, वर फलक आहे. फ्रेममध्ये बसावा म्हणून फोटो एका बाजूनं कापलाय. त्याचा डावा हात मनगटापाशी संपतो.