अध्यक्षांचा ताणा

आमचे हे विणकर सोसायटीचे अध्यक्ष झाले, त्या दिवशी मी चुलीपाशी बसून रडले. झेंडूचा हार गळ्यात घालून, लाजत लाजत दारात उभे राहिले होते. मी आधी हार काढून घेतला आणि मग विचारलं, "तुमीच काहून?" तर म्हणे, दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. बाप्पा, हे काय कारण झालं? जुन्या अध्यक्षांनी गुडघे दुखतात म्हणून राजीनामा दिला होता. ते गुडघेही बरे नेमके त्याच वर्षी दुखायला लागले, जेव्हा गोदामातली लुगड्यांची थप्पी आढ्याला टेकली.

आमची गल्ली सगळी कोष्ट्यांची, घरोघरी माग. सोसायटीनं सूत द्यायचं, आम्ही रेशीमकाठी लुगडी विणायची, सोसायटीनं ती विकून मजुरी द्यायची, असं बरीच वर्षं चाललं होतं. मग ती मंदी आली. कापसाला कोणी विचारीना, त्यामुळे खेड्यातल्या बायांचं लुगडी घेणं थांबलं. ज्या घेत त्या जपानचं झुळझुळीत स्वस्त कापड घेत, ज्याचा रंग दुसऱ्या धुण्याला पाण्यात जायचा. मिलमध्ये जावं तर तिथूनच माणसं कमी करून राहिले होते.

पण मला गोदामाची इतकी भीती वाटली नाही, जितकी गल्लीची वाटली. आमच्याकडे पाजणी, म्हणजे सुताला खळ पाजणं, गल्लीतच व्हायची. सकाळी फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्या रोवून उभ्या धाग्यांचा ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, त्याला ज्वारीची खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत चालायचं. दोघांचं काम नव्हे ते. ऊन चढायच्या आत सहा-आठ हात लागतात, नाहीतर खळ वाळते, धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळं सूत वाया जातं. म्हणून आज तुझा ताणा, उद्या माझा, असं सगळे एकमेकांच्या मदतीला यायचे. दिवाळीनंतर ताणे निघेनासे झाले. घरात थोडंफार सूत असलं तरी ते कोणी मागावर चढवीना. सकाळी दार उघडलं की मोकळी गल्ली दिसायची. मागाशिवाय आम्हाला येत काय होतं?

समोरच्या घरात माझी मैत्रीण राहायची. तीही माझ्या माहेरची, खाप्याचीच, कन्हानच्या पाण्यात आम्ही दोघी सोबत पोहायला शिकलो. तिचा नवरा गल्लीतला सगळ्यात बारीक कामाचा विणकर. त्यानं काठात काढलेली वेल बोट लावून पाहावीशी वाटायची. त्यांना काटोलच्या एका ठेकेदारानं संत्र्याच्या हंगामापुरतं काम देऊ केलं होतं, दोघांनाही, राहायला खोलीसकट. शनिवारपर्यंत हो का नाही ते सांगायचं होतं. ती जायला तयार होती. तो दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसता बसून असायचा.

आमचे हे घरोघर फिरले. म्हणत, मंदी म्हणजे निम्मी भीतीच असते, एक माग वाजला की दुसरा वाजतो. लोक ऐकून घेत आणि पानसुपारी पुढे करत. ह्यांचं खरंच तसं मत होतं, ढोंग नव्हतं. गल्ली मोडली की सोसायटी बुडेल, आणि एकदा का दोन-चार घरं कुठं मजुरीला गेली की बाकीची मागोमाग जातील, हेही त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. रात्री डोळा लागत नव्हता.

मग एका संध्याकाळी देवळाच्या पारावर, सगळ्यांसमोर, हे बोलून गेले की अकोल्याच्या एका व्यापाऱ्याची मागणी येऊन राहिली आहे, लग्नसराईसाठी, आणि उद्या सकाळी मी स्वतः ताणा काढतो. मी पाण्याची घागर कमरेवर घेऊन तिथंच उभी होते. ह्यांनी अकोल्याला पत्र टाकलं होतं हे मला माहीत होतं, कारण तिकिटाचे पैसे माझ्याकडूनच नेले होते. उत्तर आलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. मागणी कुठं आहे, पत्र दाखवा म्हटलं. हे खाली बसले, धोतराचा सोगा बोटाला गुंडाळत म्हणाले, "येईल वं. लोकायले धीर द्याले काहीतरी सांगावंच लागते." आणि नाही आली तर, असं मी विचारलं. हे उठले आणि घरातलं होतं नव्हतं तेवढं सूत बाहेर काढायला लागले. त्यानंतर आमच्या घरात सुताची एक लडसुद्धा उरणार नव्हती.

सकाळी मी खळ शिजवली. ह्यांनी आणि मी ताणा ताणला, गल्लीभर. पांढरं शुभ्र सूत, पाहणाऱ्याला वाटावं या घरात लक्ष्मी पाणी भरते. खळ लावली आणि दोघं दोन बाजूंनी कुंचे घेऊन चालू लागलो. कोणी आलं नाही. दारं अर्धी उघडी होती, आत माणसं होती, मला त्यांची पावलं दिसत होती. पण उंबऱ्याबाहेर कोणी पाऊल टाकीना. ऊन देवळाच्या कळसावरून खाली आलं, मग पारावर आलं, मग ताण्याच्या त्या टोकावर. मी इकडचे धागे मोकळे करावे तर तिकडचे वाळत. हे नुसते भराभर चालत होते. मला सांगायला लाज नाही, मी तेव्हा इतकी घाबरले होते की तोंडात देवाचं नावसुद्धा येईना. सूत जाईल, अध्यक्षपद जाईल, त्याचं काय एवढं? पण सगळ्या गल्लीनं दाराआडून पाहिलेलं ते ह्यांचं तोंड, ते घेऊन हा माणूस जगला नसता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि माझी मैत्रीण आली. तिनं कुंचा घेतला नाही. आधी माझ्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग वं. मागणी आली का? ठेकेदाराले आज सांगायचं हाये." तिच्या मागं दारात तिचा नवरा चौकटीला हात लावून उभा होता.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पार टोकाला वाकून चिकटलेले धागे सोडवत होते.

"आली," मी म्हटलं. "म्या सोता पत्र पायलं."

पत्राचं तिनं विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं. तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पदर खोचला आणि कुंचा उचलला. मग तिचा नवरा आला. त्याच्या मागून शेजारचे बापलेक आले, मग पलीकडच्या दोन बाया. घटकाभरात ताण्याच्या दोन्ही बाजूंना इतकी माणसं झाली की कुंचे पुरेनात. कोणी ह्यांची चेष्टा केली, की अध्यक्षांनी पहिल्यांदाच हातानं काम केलं. गल्ली हसली. ताणा वाचला. त्याच दिवशी दुपारी लोक सोसायटीतून सूत घेऊन गेले, आणि ठेकेदाराला नाही म्हणून निरोप गेला.

महिनाभर गल्लीत माग वाजत होते. ह्यांची चालच बदलली. लोक म्हणत, माणूस असावा तर असा, आल्या आल्या गल्लीत जीव आणला. मला मात्र प्रत्येक मागाचा आवाज ऐकू यायचा, समोरच्या घरातला तर जास्तच. पोस्टमन दिसला की माझा जीव टांगणीला लागायचा. अकोल्याहून काही आलं नाही. हे विचारणाऱ्याला सांगत, उशीर होऊन राहिला, पण येईल. माघातली लग्नसराई आली आणि जपानी कापड घेऊन निघून गेली. शेवटी इतवारीच्या बाजारातल्या व्यापाऱ्यानं तोंडाला येईल तो भाव केला आणि सोसायटीनं गोदाम रिकामं केलं. हाती आलेल्या मजुरीत घरं चालणं शक्य नव्हतं. काटोलच्या ठेकेदारानं तोवर दुसरी माणसं ठेवली होती, हंगामही सरत आला होता. ह्यांना कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

होळीच्या आधी समोरच्यांनी माग सोडवला. लाकडं विकली, खड्डा मातीनं बुजवला. परासियाकडे कोळशाच्या खाणीत दोघांना काम मिळालं होतं. काठात वेल काढणारी ती बोटं आता कोळसा उपसणार होती.

बैलगाडी दाराशी लागली तेव्हा मी भाकरीचं गाठोडं घेऊन गेले. मैत्रिणीला एका बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं, की ते पत्र मी पाहिलं नव्हतं, पत्र नव्हतंच.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तुयं तोंडच सांगत होतं. ताणा वाळून राहिला होता वं, तो कसा पाहवला असता? मी त्याच्यासाठी आली. पण आमचे हे मागं दारात उभे होते. ह्यायनं तुयं ऐकलं."

तिनं माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि गाडीत ठेवलं.

तिचा नवरा शेवटचं बोचकं बांधून आमच्याकडे आला. माझ्याशी तो कधी फारसा बोलायचा नाही. दोन्ही हात जोडून म्हणाला, "येतो वयनी. अध्यक्षायले सांगा, अकोल्याची मागणी आली का मले एक कार्ड टाका म्हणा. मी तसाच उठून येतो."

मैत्रीण गाडीत बसून खाली पाहत होती. मी हो म्हटलं.