कुंकू लावलेल्या डिस्क

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कानडी मुलखात, जयनगरातल्या एका कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचो. सर्व्हर तीन, आणि तिन्हींच्या डिस्क कायम भरलेल्या. मालकांच्या मागे लागून लागून मी नेटवर्कवर जोडायची एक स्टोरेजची पेटी आणायला लावली आणि तिन्ही सर्व्हरचा डेटा तिच्यात हलवला. मालक म्हणाले, "सगळं एकाच पेटीत? ती बिघडली तर?" मी म्हणालो, "मी आहे ना." पुण्याचा माणूस, बोलायला काय जातंय.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, इथं यंत्रांची पूजा आणि त्यांना सुट्टी. आदल्या संध्याकाळी मी सगळं रीतसर बंद केलं. सकाळी येऊन बघतो तर हिशेब बघणाऱ्या अक्कांनी पेटीतल्या झाडून सगळ्या डिस्क बाहेर ओढल्या होत्या, फडक्यानं पुसल्या होत्या आणि एकेकीला हळदकुंकू लावून परत बसवल्या होत्या. अक्का चामराजपेटेतल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातल्या.

"कुठली कुठं होती, अक्का?"

"ते कुठलं लक्षात राहतंय? सगळ्या सारख्याच की. स्वल्प धूळ होती बघ."

माझं डोकंच फिरलं. एकेका फाइलचे तुकडे त्या सगळ्या डिस्कवर वाटलेले असायचे. क्रम चुकला तर सगळ्याचा चुथडा. टेपवर नक्कल घ्यायचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. मी तोंडाला येईल ते बोललो. अक्का हळूच म्हणाल्या, "वर्षाचे हिशेब पण त्यातच?"

"सगळं त्यातच."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या.

पेटी सुरू केली. पंखे घरघरले, पडद्यावर ओळी उमटायला लागल्या: ही डिस्क सापडली, तीही सापडली. तेव्हा मला कळलं, या पेटीनं प्रत्येक डिस्कवर तिची ओळख लिहून ठेवली होती. कुठल्या खाचेत कोण बसलंय याचं तिला सोयरसुतक नव्हतं. जुन्या सर्व्हरच्या डिस्क असत्या तर आटोपलंच होतं. हुश्श! मी फरशीवरच फतकल मारली.

मग अक्कांची हिशेबाची फाइल उघडून दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, "सरी, बरोबर आहे," म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. माझा राग कुठल्या कुठं गेला.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. "पेटी ठीक आहे ना?"

अक्का डोळे पुसता पुसता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"एकदम ठीक," मी म्हणालो. "अक्कांनी पूजा छान केली."