डायल बदलणाऱ्या वायरमनची सद्दी

ऑफिसात त्याला सगळे वायरमन म्हणत. खरं तर पठ्ठ्यानं हातात कधी पक्कड धरली नव्हती. पंप तपासणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम तो करायचा, तेही लिहून नव्हे, चित्रं काढून: पडद्यावर डायल नि बटणं, त्यांच्यामागे चौकोन, आणि चौकोनांना जोडणाऱ्या रंगीत तारा. गोम एकच होती. जुना डायल काढून नवा बसवला, की मागच्या तारा पटापट तुटायच्या, नाव पुसलं जायचं, आकार बदलायचा. मग बोलवा वायरमनला! तो सगळं टिपून घ्यायचा आणि एकेक तार पुन्हा जोडायचा. एका पडद्याला अर्धा दिवस. चौदा वर्षं ह्या एका कामावर त्याची कॉलर ताठ होती.

आणि मग आली ती नवी, त्याच्या थोरल्या मुलीएवढी. सोमवारी तिनं स्वतः केलेली सोय साहेबांना दाखवली. डायलवर टिचकी मारली, यादीतून नवा निवडला, झालं. तारा जागच्या जागी, नाव तेच, आकार तोच.

"अरे वा! दोनशे पडद्यांचे जुने डायल आठवड्यात बदलून होतील," साहेब म्हणाले आणि वायरमनकडे वळले, "चला, तुमची हमाली सुटली!"

हमाली! चौदा वर्षांच्या कसबाला हा माणूस हमाली म्हणतो? वायरमनच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी बायको म्हणाली, "पोर हुशार दिसतेय. जरा कौतुक करावं माणसानं."

"तूही तिच्याच बाजूची!" त्यानं ताट सरकवलं. जळत होता, सरळ सरळ जळत होता, आणि ते त्याला कळतही होतं.

मंगळवारी तो तिच्या कामात खोट काढायलाच बसला. आणि सापडली की! जुन्या डायलवर पंपाच्या दाबाची वरची मर्यादा चाळीसवर बांधलेली असायची. नवा बसला की ती गुपचूप शंभरवर जायची. वायरमन दर वेळी ती हातानं पुन्हा घालायचा. नवीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा तो एकटाच, आणि त्यानं तोंडाला कुलूप घातलं. आपटू दे एकदा चारचौघांत, मग कळेल हमाली म्हणजे काय ते.

शुक्रवारी चाचणी होती. पंपाच्या नळीवर हात ठेवून फिटर उभा होता, दोन लेकरांचा बाप, शीळ घालत. चाळीसला आपोआप अडेल म्हणून नवीनं डायल बिनधास्त फिरवला. तीस. चाळीस. पन्नास. नळी थडथडायला लागली. वायरमनला वाटलं होतं, पडद्यावर काहीतरी लाल उमटेल, नवीचं हसं होईल, संपलं. फिटरचा हात त्याच्या ध्यानीमनीही नव्हता.

"बंद कर! अगं, डायलची मर्यादा गेलीय, बंद कर!" तो ओरडला, आणि स्वतःच धावत जाऊन खटका पाडला.

फिटरनं त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "वाचवलंत हो काका!"

"शेवटी अनुभव तो अनुभव!" साहेबांनी पाठ थोपटली. चार दिवस ज्या शब्दांसाठी जीव जळत होता, ते असे आयते मिळाले.

नवी पांढरीफटक पडली होती. "चूक माझीच," ती म्हणाली. "नशीब, तुमच्या आत्ता लक्षात आलं."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मंगळवारीच आलं होतं," तो म्हणाला.

फिटरनं त्याचा हात सोडला.