त्रेसष्ट बदल एका दमात

व्लास्तिमिल अकरा वर्षं ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. बसतो म्हणायचं एवढंच. त्याच्याइतक्या येरझाऱ्या आमच्या ब्रनो शहरातल्या ट्रामही घालत नसतील.

त्याची मोठी बहीण यार्मिला, तिला जन्मापासून दिसत नाही. कंप्युटरवरचा मजकूर ती ठिपके वर उठवणाऱ्या एका जुन्या ब्रेल यंत्रावर बोटांनी वाचते. ते यंत्र चालवणारा कोड जगभरची हौशी माणसं मिळून लिहितात त्या एका मोफत प्रणालीतला; तो जुनाट झाला, म्हणून प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीतून तो काढून टाकायचं ठरलं होतं. तो गेला की यार्मिलाचं यंत्र मुकं. व्लास्तिमिलने दोन वर्षं सुट्ट्या घालवून तो दुरुस्त केला आणि मुदतीच्या तीन आठवडे आधी त्रेसष्ट बदल एकदम तपासणीला पाठवून दिले.

ही प्रणाली लिहिणाऱ्या आमच्यात रीत आहे. एका वेळी पंधराच्या वर पाठवायचे नाहीत आणि पाठवल्यावर आठवडाभर गप्प बसायचं. तपासणारी माणसं फुकट तपासतात. मी हे त्याला बजावलं होतं. त्याने मान डोलावली, आणि चौथ्या दिवशी त्याचं त्यालाच दोन चुका सापडल्या म्हणून सगळे त्रेसष्ट पुन्हा पाठवले. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्याबरोबर जेवायलाही गेलो नाही.

तपासणाऱ्या हेडविकाबाईंचं उत्तर आलं. ‘मी एक्केचाळिसाव्यापर्यंत वाचत आले होते. तुम्ही वर नवा ढीग टाकलात. आता यंत्र चालायला लागतील तेवढेच बदल पाठवा. आणि ते यंत्र माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे त्याने चालवून पाहून खाली आपलं नाव लिहावं.’

तो खुर्चीत बसला, खरोखर बसला. यार्मिलाने चालवून पाहिलंय ना, असं मी विचारलं.

“तिला कशाला त्रास? माझ्या स्क्रीनवर ठिपके बरोबर दिसत होते.”

रविवारी त्रेसष्टाचे बारा करून तो मला घेऊन तिच्याकडे गेला. वाडग्यातलं सूप तसंच ठेवून ती ओळींवरून बोटं फिरवत होती. हा दर मिनिटाला खिडकीपाशी जाऊन परत येत होता आणि झालं का, झालं का, विचारत होता.

“बस खाली,” ती म्हणाली. “प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर उठतच नाही. लहानपणी माझी वाक्यं अर्धीच तोडायचास, तसंच केलंयस. दोन वर्षं करत होतास ना? मला एकदा विचारायला काय झालं होतं?”

मलाच त्याच्याकडे बघवेना.

चूक काढायला संध्याकाळ झाली. बारा बदल हेडविकाबाईंकडे गेले, प्रत्येकाखाली ‘चालवून पाहिले: यार्मिला’. मग आठ दिवस त्याने एकही मेल केला नाही. फोन माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला दिला आणि माझं डोकं खाल्लं. मुदतीच्या आदल्या दिवशी बाईंनी बाराही घेतले.

उरलेले एक्कावन्न तो आता थोडेथोडे करून दर रविवारी बहिणीकडे नेतो आणि ती वाचून होईपर्यंत तोंड उघडत नाही. पाय मात्र टेबलाखाली हलत असतो. यार्मिला म्हणते, तेवढं तिला फरशीतून कळतं.